विद्यार्थी, साधने आणि स्पर्धा : बंगळूरच्या संदर्भात एक विचार

शाळा-महाविद्यालयांतून इतिहासविषयक स्पर्धा भरविण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. जयंतीनिमित्त होणारे वक्तृत्व, थोर पुरुषांच्या चरित्रावरील निबंध, सनावळीवर आधारलेली प्रश्नमंजूषा हे तिचे परिचित प्रकार होत. या स्पर्धांचा उपयोग नाही असे नाही. त्यांनी पाठांतर वाढते, वाणीला वळण लागते, पूर्वजांविषयी आदर निर्माण होतो. तथापि या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान आहे : निष्कर्ष आधीच ठरलेला असतो. स्पर्धकाने तो अधिक आवेशाने, अधिक अलंकारिक भाषेत किंवा अधिक वेगाने मांडावयाचा, एवढेच त्याचे काम. परीक्षकाला उत्तर ठाऊक असते आणि विद्यार्थ्यालाही परीक्षकाला काय आवडेल हे ठाऊक असते.

इतिहास-संशोधन स्पर्धा ही याहून मूलतः वेगळी गोष्ट आहे. तीत विद्यार्थ्याने एखादा मर्यादित प्रश्न निवडून त्याची साधने स्वतः शोधावयाची, ती तपासावयाची, परस्परविरोधी पुराव्यांची वासलात लावावयाची आणि जे हाती येईल ते जाणत्यांच्या उलटतपासणीस सादर करावयाचे, अशी अपेक्षा असते. येथे उत्तर कोणालाच आगाऊ ठाऊक नसते. स्पर्धेचे मूल्य बक्षिसात नसून या अनिश्चिततेत आहे. ज्या क्षणी विद्यार्थ्याला दोन साक्षीदार एकमेकांशी जुळत नाहीत असे प्रथमच आढळते, त्या क्षणी इतिहास हा त्याच्या दृष्टीने पाठ्यविषय न राहता विचारविषय बनतो. बंगळूरसारख्या बहुभाषी नगरात हे मूल्य विशेष स्पष्टपणे दिसते. त्याचे विवेचन करण्यापूर्वी दोन पूर्वपीठिका ध्यानात घेणे इष्ट ठरेल. एक मराठीतील, दुसरी परदेशांतील.

(१)

मराठी इतिहास-संशोधनाच्या आरंभबिंदूंपैकी एक महत्त्वाचा बिंदू विद्यार्थ्याच्या निबंधात आहे, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. ग्रँट डफ याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला आणि थोड्याच वर्षांत त्याचे मराठी भाषांतरही निघाले. ही ‘बखर’ पुढे जवळजवळ चार दशके प्रमाणग्रंथ म्हणून शिकविली गेली. १८६७ च्या सुमारास नीलकंठ जनार्दन कीर्तने या विद्यार्थिदशेतील तरुणाने पुण्यात तरुणांच्या एका सभेपुढे या ग्रंथाची चिकित्सा करणारा निबंध वाचला. पुढे तो ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातून प्रसिद्ध झाला. कीर्तन्यांनी पुढील काळात बखरींच्या संपादनाचेही कार्य केले.

ही घटना आजच्या अर्थाने स्पर्धा नव्हती, हे खरे. परंतु तरुणाने प्रश्न निवडणे, प्रमाण मानलेल्या ग्रंथाला पुरावा मागणे आणि आपले म्हणणे सभेपुढे ठेवून त्यावरील वाद ऐकून घेणे हा स्पर्धेचा गाभा तीत पूर्णपणे आहे. त्या एका निबंधाने ग्रँट डफ बाद झाला नाही, आणि तसे होण्याचे कारणही नव्हते. झाले ते इतकेच की, मूळ कागद कोठे आहेत, ते कोणी पाहिले आणि इतरांना ते पाहता येतील काय, हे प्रश्न मराठी वाचकांच्या मनात उभे राहिले. १८७८ मध्ये सुरू झालेला ‘काव्येतिहाससंग्रह’, १८९८ पासून वि. का. राजवाडे यांनी काढलेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे खंड आणि १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ ही याच जिज्ञासेची पुढील रूपे होत. यांतील कार्यकर्त्यांपैकी पुष्कळ जण व्यवसायाने इतिहासाचे अध्यापक नव्हते. संशोधन हे पदवीनंतर मिळणारा अधिकार नसून साधनांसंबंधीची एक सवय आहे, ही जाणीव या परंपरेने मराठीस दिली. ही सवय लागण्यास विद्यार्थिदशा हाच योग्य काळ होय.

(२)

परदेशांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या सवयीला संस्थेचे रूप देण्याचे दोन मोठे प्रयत्न झाले. पश्चिम जर्मनीचे अध्यक्ष गुस्ताफ हाइनेमान आणि हांबुर्कचे उद्योजक कुर्ट क्योर्बर यांच्या पुढाकाराने १९७३ मध्ये विद्यार्थ्यांसाठी इतिहास-स्पर्धा सुरू झाली. तेथे एक व्यापक विषय दिला जातो आणि विद्यार्थी त्याचा शोध आपल्या गावात, मोहल्ल्यात किंवा कुटुंबात घेतात. अमेरिकेत १९७४ साली क्लीव्हलंड येथील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात डेव्हिड व्हॅन टॅसल या प्राध्यापकांनी सुरू केलेला ‘इतिहास दिन’ पुढे राष्ट्रव्यापी झाला.

या दोन्ही उपक्रमांतील एक बाब विशेष विचारार्ह आहे. केवळ निबंध सादर करून तेथे भागत नाही. जर्मन स्पर्धेत निबंधासोबत कामाचा वृत्तान्त जोडावा लागतो : प्रश्न कसा सुचला, कोठे कोठे गेलो, काय मिळाले नाही, कोणते मत बदलावे लागले. अमेरिकेतील स्पर्धेत समकालीन साधने व दुय्यम साधने वेगळी दाखवून प्रत्येक साधनाचा उपयोग का केला याचे टिपण द्यावे लागते आणि परीक्षक स्पर्धकाची मुलाखत घेतात. म्हणजे मूल्यमापन निष्कर्षाचे जितके होते तितकेच तेथपर्यंतच्या वाटेचेही होते.

अशा स्पर्धेत किती गंभीर गोष्ट पणाला लागू शकते हे बव्हेरियातील पासाउ या नगराच्या उदाहरणावरून दिसते. १९८० मध्ये जाहीर झालेल्या जर्मन स्पर्धेचा विषय नाझी राजवटीतील दैनंदिन जीवन हा होता. त्या निमित्ताने ॲना रोझमुस या विशीतील तरुणीने आपल्या नगराचा त्या काळातील वृत्तान्त शोधण्यास आरंभ केला. नगराने नाझींना विरोधच केला होता, अशी लोकांत रूढ समजूत होती. कागद वेगळेच सांगू लागले. दप्तरे पाहावयास मिळावीत म्हणून तिला न्यायालयात जावे लागले, नागरिकांचा रोष सोसावा लागला. १९८३ मध्ये तिचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि १९९० मध्ये मिखाएल फेरहोफेन या दिग्दर्शकाने तिच्या अनुभवावर आधारलेला चित्रपट काढला. स्पर्धेचा अवधी संपला, प्रश्न मात्र संपला नाही. रशियातही ‘मेमोरियल’ या संस्थेने १९९९ पासून शालेय विद्यार्थ्यांसाठी विसाव्या शतकातील माणसाच्या इतिहासाविषयी स्पर्धा चालविली होती. डिसेंबर २०२१ मध्ये त्या संस्थेच्याच विसर्जनाचा आदेश न्यायालयाने दिला. तरुणाने प्रामाणिकपणे विचारलेला प्रश्न कोणाला कधी अडचणीचा होईल हे सांगता येत नाही. म्हणूनच अशी स्पर्धा भरविणाऱ्या संस्थेने विद्यार्थ्याच्या पाठीशी उभे राहण्याची तयारी आधीच ठेवली पाहिजे.

(३)

आता बंगळूरचा विचार करू. हे नगर आधुनिक उद्योगांमुळे प्रसिद्धीस आल्याने त्याला प्राचीन इतिहास नाही असा समज सहज होतो. वस्तुतः विद्यार्थ्याच्या आवाक्यात येतील अशी साधने येथे रस्त्यालगत उभी आहेत.

पहिले उदाहरण नगराच्या नावाचे घेता येईल. होयसळ राजा वीरबल्लाळ शिकारीत वाट चुकला, एका वृद्धेने त्याला उकडलेले दाणे खाऊ घातले आणि त्यावरून ‘बेंद काळूरु’, म्हणजे उकडलेल्या दाण्यांचे गाव, हे नाव पडले अशी आख्यायिका सर्वश्रुत आहे. नगराच्या दक्षिणेकडील बेगूर येथील देवालयाच्या आवारात इ. स. ८९० च्या सुमाराचा एक कन्नड वीरगळलेख आहे. त्यात ‘बेंगळूरु’च्या लढाईत पडलेल्या वीराचा निर्देश आहे. दुसरा वीरबल्लाळ बाराव्या शतकाच्या अखेरचा. नाव त्याच्यापूर्वी सुमारे तीनशे वर्षे प्रचारात होते, तेव्हा आख्यायिका नामकरणाचा पुरावा म्हणून टिकत नाही. एवढी गोष्ट शाळेतील विद्यार्थीही स्वतः पडताळून पाहू शकतो. परंतु खरे शिक्षण यापुढे सुरू होते. लेखातील बेंगळूरु म्हणजे केंपेगौडाने १५३७ मध्ये वसविलेले नगरच काय, की त्याच नावाचे जवळपासचे एखादे जुने गाव? लेख नावाचे प्राचीनत्व सिद्ध करतो, स्थळाचे ऐक्य सिद्ध करीत नाही. पुरावा जेवढे बोलतो तेवढेच त्याच्या तोंडी घालावे हा संशोधनाचा पहिला नियम विद्यार्थी येथे शिकतो. शिवाय आख्यायिका खोटी ठरली म्हणून ती टाकाऊ होत नाही. ती केव्हा व कोणी सांगावयास लागले, हा लोकसाहित्याच्या अभ्यासकाचा स्वतंत्र प्रश्न आहे.

दुसरे उदाहरण मराठीशी निगडित आहे. १६३८ मध्ये विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याच्या मोहिमेत बंगळूर आदिलशाहीकडे आले आणि ते शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे बनले. १६६४ मध्ये होदिगेरे येथे शहाजीराजांचा मृत्यू झाल्यानंतर ही जहागीर त्यांचे पुत्र एकोजी यांच्याकडे राहिली. आजच्या मल्लेश्वरम् या भागाला ज्या देवालयावरून नाव मिळाले त्या काडु मल्लेश्वराच्या परिसरात १६६९ चा एक शिलालेख आहे. एकोजीने मेदरनिंगनहळ्ळी हे गाव देवास दिल्याची नोंद त्यात आहे. मराठी घराण्याचे दान, आणि ते कन्नड शिलालेखात. हा लेख मराठी विद्यार्थ्याला कन्नड सहाध्यायाच्या मदतीवाचून वाचता येणार नाही आणि कन्नड विद्यार्थ्याला एकोजी कोण, तो येथे कसा आला, हे मराठी साधनांवाचून पुरते उमगणार नाही.

तिसरे साधन वाङ्मयीन आहे आणि भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना ते विशेष जवळचे वाटावे. शहाजीराजांच्या आश्रयास आलेल्या जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य रचले. राजवाड्यांनी ते शके १८४४ मध्ये प्रदीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केले. जयरामास बारा भाषा अवगत होत्या असे सांगितले जाते. संस्कृत काव्याच्या अखेरीस निरनिराळ्या भाषांतील रचना त्याने जोडलेल्या आहेत. सतराव्या शतकातील दक्षिणेतील दरबार भाषादृष्ट्या कसा होता याची साक्ष म्हणून हा ग्रंथ अमोल आहे. परंतु ती प्रशस्तिकाराची साक्ष आहे. आश्रयदात्याच्या वैभवाचे वर्णन हे कवीचे कर्तव्य होते. त्यातील हत्ती-घोड्यांची मोजदाद इतिहासकाराने जशीच्या तशी उचलावयाची नसते. याच घराण्याची आणखी एक साक्ष १८०३ मधील आहे : तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात सरफोजीराजांनी कोरविलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास. एक समकालीन स्तुतिकाव्य, एक व्यवहारातला दानलेख आणि एक सुमारे दीड शतकानंतरची कुलस्मृती. या तिन्ही साक्षी शेजारी ठेवून त्या कोठे जुळतात, कोठे मौन पाळतात आणि कोठे विसंगत होतात हे दाखविणे हा विद्यार्थ्यांच्या एखाद्या गटासाठी उत्तम विषय होईल. हा विषय एका भाषेत मावत नाही, हेच त्याचे वैशिष्ट्य.

चौथे उदाहरण अगदी रहदारीतले आहे. एकोजीने १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले आणि तेथे मराठी राज्याची स्थापना केली. बंगळूर पुढे १६८७ मध्ये मोगलांच्या हाती पडून त्यांच्याकडून म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांच्याकडे गेले. मराठी सत्तेचा येथील अध्याय असा संपला. पण तंजावरात रुजलेल्या मराठी घराण्यांतून पुढे अनेक कारभारी पुरुष निर्माण झाले, सर टी. माधवराव हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. त्यांचे पुत्र टी. आनंदराव हे १९०९ ते १९१२ या काळात म्हैसूर संस्थानचे दिवाण होते आणि बंगळूरातील आनंदराव चौकाला त्यांचेच नाव आहे. बंगळूराहून तंजावरास गेलेली मराठी सत्तेची वाट सव्वादोनशे वर्षांनी दिवाणगिरीच्या रूपाने पुन्हा बंगळूरास येऊन मिळाली. रोज त्या चौकातून जाणाऱ्या विद्यार्थ्याने पाटीवरील नाव कोणाचे, एवढा एक प्रश्न विचारला तरी म्हैसूर, त्रावणकोर, बडोदे आणि तंजावर या चार राज्यांच्या दप्तरांपर्यंत त्याला जावे लागेल. गविपुरातील गोसावी मठ, गावठाणाच्या जुन्या पेठांतील शिंपी व भावसार समाज आणि त्यांच्या घरांतून बोलली जाणारी मराठी यांच्याविषयीही असेच प्रश्न विचारता येतील. मोठ्या ग्रंथांत ज्यांना ओळ मिळत नाही अशा कुटुंबांचा इतिहास त्यांच्याच मुलांनी विचारल्यावाचून लिहिला जाणे कठीण आहे.

(४)

हे काम आजच का व्हावे, याचे कारण साधनांच्या स्थितीत आहे. बंगळूर जिल्ह्यातील शिलालेखांचा संग्रह बी. एल. राइस यांनी ‘एपिग्राफिया कर्नाटिका’च्या नवव्या खंडात १९०५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतरच्या शतकात नगर चोहोबाजूंनी पसरले. शेतांच्या बांधावरील आणि तलावांच्या काठावरील शिळा इमारतींच्या पायात गेल्या, रस्त्यांखाली गाडल्या गेल्या किंवा फोडल्या गेल्या. राइस यांनी नोंदविलेले अनेक लेख आता केवळ ग्रंथातच उरले आहेत. अलीकडील काळात काही नागरिकांनी स्वयंस्फूर्तीने जुन्या नोंदी हाती घेऊन एकेक शिळा शोधण्याचे कार्य सुरू केले. हेब्बाळ येथे गटाराच्या खोदाईच्या वेळी आठव्या शतकातील किट्टय्या नावाच्या वीराचा लेख पुन्हा उजेडात आला आणि स्थानिकांच्या प्रयत्नाने त्याचे जतन झाले. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या मिथिक सोसायटीने २०२१ पासून नगर परिसरातील शिलालेखांच्या त्रिमितीय प्रतिमा घेण्याचे काम हाती घेतले. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, अशा शोधास विद्यापीठीय पदवीपेक्षा चिकाटी, स्थानिक ओळख आणि जुनी नोंद वाचण्याची क्षमता अधिक लागते. दुसरी, शेजाऱ्यांना शिळेचे मोल कळले तरच शिळा वाचते.

विद्यार्थी या दोन्ही दृष्टींनी योग्य माणूस आहे. तो त्या गल्लीत राहतो, तेथील वृद्धांना ओळखतो आणि उंबऱ्यावर उभा राहून प्रश्न विचारण्याचा त्याला संकोच नसतो. जी गोष्ट शिळेची तीच घरगुती कागदांची. आजोबांच्या पेटीतील मोडी रुमाल नातवाला वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत जातात. स्पर्धेच्या निमित्ताने एक रुमाल जरी उघडला, त्यातील चार कागदांचे वाचन झाले आणि त्यांची नोंद एखाद्या संस्थेत राहिली, तरी पारितोषिकाच्या खर्चाचे सार्थक झाले असे म्हणावे लागेल.

(५)

या उपक्रमावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांचाही विचार करणे अवश्य आहे. अपरिपक्व वयात संशोधन कसले, हा पहिला आक्षेप. कीर्तन्यांचे उदाहरण हे त्याचे एक उत्तर आहे. पण ते अपवादात्मक मानले तरी विद्यार्थ्याकडून नवा सिद्धांत अपेक्षित नसून लहान प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर अपेक्षित आहे, हे लक्षात घ्यावे. ‘शहाजीराजांचे कार्य’ हा विषय त्याला झेपणार नाही. ‘काडु मल्लेश्वराच्या लेखातील गाव आज कोठे आहे’ हा झेपेल. विषयाची मर्यादा हीच त्याची सुरक्षितता.

दुसरा आक्षेप असा की, काम पालक किंवा शिक्षक करतात आणि नाव मुलांचे लागते. आता तर मागणीप्रमाणे निबंध रचून देणारी यंत्रेही हाताशी आली आहेत. आक्षेप खरा आहे. मात्र तो निबंधस्पर्धेवर जेवढा लागू पडतो तेवढा संशोधन-स्पर्धेवर पडत नाही. कामाची रोजनिशी, प्रत्यक्ष पाहिलेल्या साधनाचे वर्णन आणि तोंडी परीक्षा या तीन गोष्टी अनिवार्य केल्या की उसनी विद्वत्ता फार काळ टिकत नाही. ‘शिळेची कोणती बाजू झिजली आहे?’ या प्रश्नाचे उत्तर तेथे जाऊन आलेलाच देऊ शकतो.

तिसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. भाषिक अस्मितांच्या आजच्या वातावरणात अशा स्पर्धा पूर्वजांच्या मोठेपणाच्या चढाओढी बनतील, अशी भीती व्यक्त केली जाते. बंगळूरातील शहाजीकालाविषयी लिहिताना मराठी स्पर्धक हक्क सांगेल आणि कन्नड स्पर्धक तो नाकारील, हे अशक्य नाही. यावरील उपाय विषय टाळणे हा नव्हे. स्पर्धेची रचनाच अशी असावी की, गटात किमान दोन मातृभाषांचे विद्यार्थी असावेत आणि किमान दोन भाषांतील साधने वापरलेली असावीत. निबंध कोणत्याही भारतीय भाषेत स्वीकारावा. परीक्षकमंडळही त्यानुसार बहुभाषी असावे. ज्याला सहाध्यायाच्या भाषेतील लेख त्याच्याकडूनच समजून घ्यावा लागला, तो त्या भाषेविषयी सहसा तुच्छतेने बोलत नाही. आणि गुण देताना, विद्यार्थ्याने आपल्या आवडत्या मताविरुद्धचा पुरावा नोंदविला आहे काय, या गोष्टीला स्वतंत्र स्थान असावे. ज्या स्पर्धेत ‘पुरावा अपुरा आहे’ या निष्कर्षालाही पारितोषिक मिळू शकते, तीच संशोधनाची स्पर्धा होय.

विद्यापीठीय भाषाविभागांना यात एक निश्चित कार्य आहे. मोडी व जुनी कन्नड लिपी यांचे अल्पकालीन वर्ग चालविणे, शाळांना छापील साधनांच्या सूची पुरविणे, तोंडी परीक्षेस अध्यापक पाठविणे आणि निवडक निबंधांपेक्षाही निवडक साधन-नोंदी जतन करणे, एवढे केले तरी पुष्कळ होईल. निबंध कालांतराने जुने होतात. पण एखाद्या शिळेचे स्थळ, तिची अवस्था आणि तिच्याविषयी गावकऱ्यांनी सांगितलेली हकीकत यांची तारीखवार नोंद पन्नास वर्षांनी स्वतःच एक साधन ठरते.

सारांश, विद्यार्थ्यांच्या इतिहास-संशोधन स्पर्धेचे मूल्य ती किती भावी इतिहासकार निर्माण करते यावर मोजावयाचे नाही. तीत भाग घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण अभियंते, व्यापारी, कारकून किंवा शिक्षक होतील. परंतु त्यांपैकी कोणी उद्या एखाद्या भूखंडाचा मालक असेल आणि पाया खणताना फावड्याला अक्षरे कोरलेला दगड लागेल. तो दगड मजुरांकडून फोडून घ्यावयाचा, की काम थांबवून कोणास तरी बोलावयाचे, हे त्याला त्या क्षणी ठरवावे लागेल. शाळेत असताना अशाच एका दगडासमोर त्याने एक दुपार घालविली असेल, तर काम थांबण्याची शक्यता बरीच वाढते.